पाच सप्तकांच्या सिंथचा बाहेरचा साज : लाकूड, पत्रा आणि पॉलिशच्या नोंदी

९ जानेवारी

आतलं सर्किट पक्कं झालं, ट्यूनिंगही टिकतंय. आता बाहेरचं काम. ६१ पट्ट्यांचा ॲनालॉग सिंथ, म्हणजे सिंथेसायझर आहे. वरचं पॅनेल ९०० बाय ३०० मिलिमीटर, डाव्या-उजव्या बाजूला लाकडी फळ्या, तळाला पोलादी पत्रा. या नोंदी फक्त साहित्य आणि फिनिशच्या. सर्किटबद्दल इथे काही नाही.

महागडं वाद्य घेणारा ते दहा-वीस वर्षं वापरतो, मग विकतो, आणि पुढचा माणूस तितकीच वर्षं वापरतो. त्यामुळे नमुना हातात आला त्या दिवशी कसा दिसतो याला आम्ही गुण देत नाही. प्रत्येक नमुन्याचे तीन तुकडे करायचे: एक कपाटात अंधारात, एक खिडकीत उन्हात, एक घामाच्या पाण्यात. घामाचं पाणी घरी करता येतं. पाण्यात ०.५ टक्के मीठ, ०.१ टक्का लॅक्टिक ॲसिड, ०.१ टक्का युरिया, आणि अमोनियाचे थेंब टाकून सामू ६.५ वर आणायचा. निकेलच्या ॲलर्जीच्या चाचण्यांसाठी जवळपास असंच मिश्रण वापरतात. शिवाय ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. हल्ली वादकाच्या पिशवीत सॅनिटायझर असतोच, आणि त्याच ओल्या हातांनी तो नॉब फिरवतो.

१३ जानेवारी : लाकूड

सिंथला लाकूड हवंच कशाला, असं पहिल्याच बैठकीत विचारलं गेलं. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीने १९२९ साली थेरेमिन (हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बाजारात आणलं ते महोगनीच्या पेटीत, कारण त्या काळी रेडिओसुद्धा दिवाणखान्यातलं फर्निचर होतं. १९७० च्या मिनीमूग सिंथला लाकडी पेटी, १९७८ च्या सुरुवातीच्या प्रॉफेट-५ सिंथला कोआ लाकूड. तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांना सवय झाली ती झालीच. पण सवयीपलीकडे दोन खरी कारणं आहेत. वाद्य उचलताना हात बाजूंवर पडतो आणि लाकूड गारठत नाही. दुसरं, कोपरा आपटला तर लाकडातला खड्डा ओलं फडकं आणि इस्त्रीच्या वाफेने बराचसा वर येतो. चेमटलेला पत्रा तसा वर येत नाही.

दिसायला शिसवी सगळ्यांवर मात करते. तरी बाद. शिसवी, शिसम ही सगळी डालबर्जिया कुळातली झाडं. २ जानेवारी २०१७ पासून हे सगळं कूळ साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे (ब्राझिली शिसम तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात). २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या फळ्यांना नाही. सिंथच्या बाजूची फळी ‘तयार वाद्य’ की नुसतं लाकूड, हा वाद कस्टमच्या टेबलावर घालत बसण्याची मला हौस नाही.

साग टिकाऊ, पण त्याच्या अंगात तेल असतं. फळीत पितळी इन्सर्ट (स्क्रूसाठी आतून आटे असलेल्या नळ्या) इपॉक्सीने बसवायचे आहेत. भोक आतून ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवलं तर धरतं, थोडा वेळ गेला की तेल परत वर येतं. सागातल्या सिलिकामुळे रंध्याची धारही लवकर जाते. सुतारमामा म्हणाले, “साग घ्या, पण माझ्या पात्यांना धार लावायचे पैसे वेगळे लावा.” मॅपल पांढरंशुभ्र, आणि त्यावर हाताचा मळ आठवड्यात दिसायला लागतो.

अक्रोड ठरलं. घनता साधारण ६१० किलो प्रति घनमीटर, म्हणजे ३६० बाय १२० बाय २५ मिलिमीटरची एक फळी ६६० ग्रॅमच्या आसपास. एक गोष्ट लक्षात ठेवायची: बहुतेक लाकडं उजेडात गडद होतात, अक्रोड उलट फिकट होतं. म्हणून डावी आणि उजवी फळी एकाच तक्त्यातून, शेजारी-शेजारी कापलेली हवी. नाहीतर दोन वर्षांनी एक कॉफीसारखी आणि एक मधासारखी दिसेल. आजपासून एक तुकडा अर्धा काळ्या कागदाने झाकून खिडकीत ठेवलाय.

२१ जानेवारी : पॅनेलचा पत्रा

पहिला नमुना २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा. मधोमध असलेला नॉब दाबून फिरवला की पॅनेल खाली दबतं. दिसायला ते जेमतेम दिसतं, बोटाला मात्र लगेच कळतं, आणि ‘स्वस्त’ हा शब्द बोटातूनच डोक्यात जातो. ३ मिलिमीटर घेतलं. जाडी दीडपट झाली की ताठरपणा तिच्या घनात वाढतो, म्हणजे जवळपास ३.४ पट. वजन वाढतं फक्त दीडपट. ३ मिलिमीटरचं पॅनेल २.२ किलोच्या आसपास भरतं. मधल्या ओळीत दोन आधारखांबही दिले, आता बोट टेकवलं तरी हलत नाही.

मिश्रधातू कोणता, यावर वेळ गेला. ६०६१-टी६ मशिनिंगला छान, पण पुढच्या कडेला ९० अंशांची घडी घालायची आहे आणि तो कमी त्रिज्येत घडी घातली की तडकतो. ५०५२ निमूटपणे वाकतो आणि ॲनोडायझिंगही (टाकीत वीज सोडून धातूवर कठीण थर तयार करणं) चांगलं घेतो. ओतीव ॲल्युमिनियमचे पाय करून बघायचा मोह होता. ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळे ॲनोडायझिंगनंतर ते करडं आणि डागाळलेलं दिसतं. ओतीव भाग करायचाच असेल तर त्याला रंग द्यावा, ॲनोडायझिंगच्या वाटेला जाऊ नये.

घडीच्या दोन टोकांना वेल्ड आहे. वेल्डिंगची सळई ५३५६ चीच हवी, हे नकाशावर मोठ्या अक्षरात लिहिलं. ४०४३ ची सळई वापरली तर घासून-पुसून वेल्ड दिसेनासा होतो, आणि ॲनोडायझिंगच्या टाकीतून बाहेर आला की तिथे काळसर पट्टा उमटलेला असतो.

३० जानेवारी : रबरी स्पर्शाचा रंग

हे वाद्य पहिल्यांदा जिच्या हातात जाणार ती वादक मैत्रीण आज नमुने बघायला आली. सगळे नमुने हाताळून मखमली काळ्या रंगाच्या तुकड्यावर थांबली. “अरे, हाच घे ना! बाकी सगळं ऑफिसच्या कपाटासारखं लागतंय.”

स्पर्शाला तो खरोखर सुंदर आहे. पण हा पॉलियुरेथेनचा मऊ थर. हवेतल्या ओलाव्याने त्याची साखळी हळूहळू तुटते आणि काही वर्षांत तो चिकट होतो. जुने लॅपटॉप, दुर्बिणी, सिंथचे नॉब हातात घेतले की बोटाला काळं चिकटतं, ते हेच. ते पुसून काढता येतं, पण तेव्हा पूर्ण थरच निघतो. तिला माझ्या कपाटातला एक जुना रिमोट हातात दिला. तिने तो दोन बोटांत उचलला आणि काही न बोलता रुमाल काढला. विषय संपला.

त्याच दिवशी चकचकीत काळा रंगही वगळला. वरून स्टेजचा दिवा पडला की त्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि नेमकं त्याखालचं अक्षर वाचता येत नाही.

८ फेब्रुवारी : ॲनोडायझिंगची पहिली खेप

ब्रश केलेलं, काळं रंगवलेलं ॲनोडायझिंग ठरलं होतं. खेप आली आणि चार गोष्टी एकदम समोर आल्या.

पुढचं पॅनेल आणि मागची जोडण्यांची पट्टी यांच्या काळ्या रंगात फरक. एक निळसर काळा, एक तपकिरीकडे झुकणारा. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी टाकीत गेले होते. रंगाची तीव्रता टाकीचं तापमान, थराची जाडी आणि रंगात बुडवण्याचा वेळ या सगळ्यांवर अवलंबून असते. यावर एकच उपाय: एका वाद्याचे सगळे भाग एकाच रॅकवर, एकाच वेळी.

उजव्या बाजूची छोटी पट्टी रंगाने बरोबर, पण पॅनेलशेजारी ठेवली की वेगळी दिसते. जवळून पाहिलं तर ब्रशच्या रेघा आडव्या. पत्र्यावर जागा वाचवायला कापणाऱ्याने ती ९० अंशात फिरवून कापली होती. रेघांची दिशा बदलली की उजेड वेगळ्या बाजूला परततो, आणि तोच रंग दुसरा वाटतो. नकाशावर बाण नव्हता. आता प्रत्येक भागावर आहे.

रॅकच्या पकडीचे डाग. पकड जिथे लागते तिथे वीज आत जाते आणि तेवढी जागा कोरी राहते. पकड कुठे लावायची हे सांगितलं नाही तर ती कुठेही लागते. आमच्या पॅनेलवर ती अगदी पुढच्या कडेला लागली, पट्ट्यांच्या वर, जिथे वाजवणाऱ्याची नजर सतत असते. मागच्या घडीच्या आतल्या बाजूला दोन भोकं आता फक्त पकडीसाठी ठेवली आहेत.

आणि एम३ चे (३ मिलिमीटरच्या स्क्रूचे) आटे घट्ट. थर काही अंशी बाहेरच्या बाजूला वाढतो, आणि ६० अंशांच्या आट्यात त्या वाढीचा पिच व्यासावर (आट्याच्या मधल्या व्यासावर) चौपट परिणाम होतो. स्क्रू अर्ध्यावर अडकला. ॲनोडायझिंगआधी आट्यांत सिलिकॉनच्या गुल्ल्या घालायच्या किंवा मागाहून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा. टॅप फिरवला की आत उघडा धातू राहतो, आमच्या कामाला तो चालतो.

कडांबद्दलही लिहून ठेवतो. धारदार कडेवर थर नीट बसत नाही, तिथे तडा जाऊन पांढरी रेघ दिसते. कमीत कमी ०.५ मिलिमीटरची गोलाई हवी.

जुना थर कॉस्टिकने उतरवून पुन्हा करता येतं, पण त्यात थोडा धातूही जातो आणि ब्रशच्या रेघा पुसट होतात, म्हणजे ब्रशिंगही पुन्हा. पुढचं पॅनेल उतरवून दुरुस्त केलं. बाकीचे भाग नव्याने कापणं स्वस्त पडलं. दुरुस्तीचा एकूण खर्च मूळ ॲनोडायझिंगच्या दीडपटीवर गेला.

१७ फेब्रुवारी : अर्थिंग

नवं पॅनेल बसवलं, वाद्य सुरू केलं, आणि घूंऽऽ. पॅनेलला हात लावला की आवाज वाढतो, काढला की कमी होतो. जुन्या, उघड्या पत्र्याच्या चाचणी-पॅनेलवर हे कधीच झालं नव्हतं.

मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या तारेला, दुसरं पॅनेलला. नुसतं टेकवलं तर काहीच दाखवत नाही, सर्किट उघडं. टोक जोरात दाबून जरा घासलं की एकदम ०.२ ओहम. म्हणजे टोक थर फाडून खालच्या धातूपर्यंत गेलं. ॲनोडायझिंगचा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, आणि तो उत्तम विद्युतरोधक आहे. इतक्या सुंदर पॅनेलला अर्थच लागलेलं नव्हतं. ते एका मोठ्या अँटेनासारखं वर तरंगत होतं.

सगळ्यांत आधी डोक्यात आलं ते स्क्रूखाली दातेरी वॉशर. दाते थर फोडतात आणि जोड लागतो, पण तो भरवशाचा नाही. वाद्य हलवून-हलवून स्क्रू सैल झाला की जोड अधूनमधून तुटतो, आणि कार्यक्रमाच्या मधेच येणारा हम (ही घूंऽऽ) हा कायम असणाऱ्या हमपेक्षा वाईट. शिवाय स्टेनलेस स्टील आणि उघडं ॲल्युमिनियम यांच्यात दमट हवेत गंज धरतो.

शेवटी असं केलं. पॅनेलच्या मागून, अर्थच्या खुंट्यांभोवती १४ मिलिमीटर व्यासाची वर्तुळं थर काढून उघडी केली. त्यांवर त्रिसंयुजी क्रोमेटचा हात फिरवला. हा लेप धातूला गंजापासून सांभाळतो आणि वीजही जाऊ देतो. टच-अप पेनाने काम होतं, टाकी लागत नाही. त्यावर कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वेणी, दातेरी वॉशर आणि नायलॉक नट. आता सगळ्या कोपऱ्यांत ०.१ ओहमच्या खाली.

पॉट्सचंही (नॉबखालचे पोटेंशियोमीटर) तेच. पॉटची मान पॅनेलला टेकते म्हणून तिला आपोआप अर्थ मिळतो, असं धरून चालतो आपण. पॅनेल ॲनोडाइज्ड असेल तर नाही मिळत. त्यावर धातूचा नॉब लावला तर कोरड्या हवेत बोटातली स्थिर वीज नॉब, दांडा आणि वायपर (पॉटमधला सरकता संपर्क) या वाटेने थेट सर्किटात उडी मारते. पॉट्सच्या नटांखाली मागून पातळ पितळी पट्टी फिरवली, ती अर्थला जोडली.

तळाच्या पोलादी पत्र्याला पावडर कोटिंग आहे. तोही रोधकच. तिथे मात्र आधीच चिकटपट्टी लावून जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, म्हणून पुढे त्रास झाला नाही. बारीक खरबरीत पोत घेतला, ओरखडा दिसत नाही. पावडर कोटिंगबद्दल एवढंच.

२६ फेब्रुवारी : अक्षरं

स्क्रीन प्रिंटिंगची इपॉक्सी शाई स्वस्त आणि रंगांना मोकळीक. पण सील केलेल्या ॲनोडायझिंगवर ती नुसती वर बसते. घामाच्या पाण्यात ठेवून मग ५०० ग्रॅमचं वजन ठेवलेला खोडरबर फिरवला, आणि ‘कटऑफ’चा पहिला ‘क’ गेला. सिंथवर हाच शब्द सगळ्यांत जास्त घासला जाणार, कारण तो नॉब सगळेच फिरवतात.

कोरून रंग भरणं सगळ्यांत टिकाऊ, आणि हाताला खोलीही लागते. ०.२ मिलिमीटर खोल व्ही-बिट, त्यात इनॅमल, सुकल्यावर वरचं पुसायचं. मात्र शंभराच्या आसपास खुणांना मशीनचा इतका वेळ लागतो की अक्षरांचा खर्च पॅनेलच्या खर्चाला गाठतो. खुणा कमी असत्या तर हेच घेतलं असतं.

लेझर घेतला. काळ्या रंगवलेल्या ॲनोडायझिंगवर लेझर फिरला की थरातला रंग जळून जातो आणि खाली फिकट राखाडी अक्षर दिसतं. वर काही चढवलेलंच नाही, त्यामुळे खरवडून जाण्याचा प्रश्न येत नाही. खोडरबर आणि घाम दोन्हीतून तसंच राहिलं. उणिवा दोन. रंग एकच मिळतो. आणि ०.३ मिलिमीटरहून बारीक रेघ मंद उजेडात हरवते, म्हणून सगळी अक्षरं जाड करून पुन्हा मांडावी लागली.

खिडकीतला काळा नमुना आज काढला. झाकलेला अर्धा भाग काळा, उघडा भाग किंचित लालसर. सेंद्रिय रंग उन्हात उडतात, काही लवकर, काही उशिरा. ॲनोडायझिंगवाल्याला ‘काळा’ एवढंच सांगायचं नाही, उन्हात टिकणारा काळा मागायचा. दुसरा रंग मागवलाय.

८ मार्च : लाकडाचं पॉलिश

पाच नमुने, सगळे एकाच फळीचे.

लाखेचं पॉलिश सुंदरच. अक्रोडाच्या रेषा खोलातून उजळतात. अल्कोहोलचा बोळा ठेवला आणि पॉलिश बोळ्याबरोबर निघून आलं. लाख अल्कोहोलमध्येच विरघळवतात, त्यामुळे दुसरं काही होणार नव्हतं. गरम कपाचाही पांढरा गोल उठतो. जुन्या वाद्याच्या दुरुस्तीला लाख शोभते, रोजच्या वापरातल्या सिंथला नाही.

नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ, झटकन सुकतं. त्याच्यावर चाचणीसाठी पीव्हीसीची वायर गुंडाळून ठेवली होती. उचलली तर लॅकरवर तिची अख्खी नक्षी. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा घटक बाहेर झिरपतो आणि लॅकर मऊ करतो. रबरी स्टँडवर ठेवलेल्या गिटारींना पडणारे डाग याच जातीचे. सिंथच्या आसपास वायरी नाहीत असं होईल का कधी?

दोन घटकांचं पॉलियुरेथेन कशालाच दाद देत नाही. पण ओरखडा पडला की तेवढ्यापुरतं दुरुस्त होत नाही, पूर्ण थर घासावा लागतो. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारायचं तर हवा पुरवणारा मास्क आणि वेगळी खोली हवी. आमच्याकडे दोन्ही नाही.

कच्चं जवसाचं तेल आठवडाभर चिकट राहिलं. पुढचं बघितलंच नाही.

उरलं हार्डवॅक्स तेल, म्हणजे मेण मिसळलेलं तेल. दोन पातळ हात, मधे एक दिवस, आणि दरवेळी १५ मिनिटांनी राहिलेलं तेल पुसून काढायचं. जाड हात दिला की वर चिकट साय धरते. अल्कोहोलने जरा मंद झालं, पण पुसून पुन्हा तेल लावलं की डाग गेला. घामाच्या पाण्याने काही झालं नाही. चकाकी कमी, स्पर्श लाकडाचाच राहतो, आणि घेणारा माणूस घरीच फडक्याने पुन्हा लावू शकतो. हेच ठरलं.

तेलाआधी लाकूड ओल्या फडक्याने पुसून सुकवायचं. रेषा उभ्या राहतात, त्या २४० च्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घ्यायच्या. हे टाळलं तर पहिल्याच घामाने फळी खरबरीत होते. आणि लोखंडी तारेचा घास अक्रोडावर फिरवायचा नाही. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संबंध आला की काळे ठिपके पडतात, आणि ते चार दिवसांनी दिसतात, म्हणजे तेल लावून झाल्यावर.

तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्यात उष्णता तयार होते, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती साठून फडकं आपोआप पेटतं. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

१९ मार्च : लाकूड हलतं, पत्रा हलत नाही

फळी पॅनेलला तीन स्क्रूंनी घट्ट बसवली होती. आज बघितलं तर वरच्या स्क्रूपाशी केसाएवढी चीर.

हिशोब आधीच मांडायला हवा होता. अक्रोड ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेने, स्पर्शिकेच्या बाजूला, ७.८ टक्के आकसतं. म्हणजे ओलाव्यातल्या दर एका टक्क्याला साधारण ०.२७ टक्के. आमची फळी १२० मिलिमीटर उंच, रेषा आडव्या. कोरड्या ऋतूतून दमट ऋतूत गेल्यावर लाकडातला ओलावा ४ टक्के बदलला तर उंचीत १.३ मिलिमीटरचा फरक. ॲल्युमिनियमला ओलाव्याशी देणंघेणं नाही. ते तापमानाने वाढतं: ९०० मिलिमीटरचं पॅनेल ३० अंशांच्या फरकाला ०.६ मिलिमीटर, तेही लांबीत, लाकडाच्या हालचालीला काटकोनात.

आता मधला स्क्रू पक्का. वरच्या-खालच्या स्क्रूंना पत्र्यात उभी लांबट भोकं, रुंद वॉशर, आणि स्क्रू आवळून पाव आटा मागे. लाकडात पितळी इन्सर्ट. पॅनेलची कड आणि फळी यांच्यात मुद्दाम ०.८ मिलिमीटरची फट ठेवली. फट दिसू नये म्हणून धडपड करण्यापेक्षा ती सरळ, एकसारखी दाखवली की ती रचनेचाच भाग वाटते. वादक मैत्रिणीला तीच रेघ सगळ्यांत जास्त आवडली.

२९ मार्च : नॉब

उघडं पितळ देखणं, पण घामाने हिरवटतं आणि बोटांना वास राहतो. निकेलचा मुलामा टिकतो, पण निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते आणि नॉब हा सतत त्वचेला लागणारा भाग. दोन्ही बाद.

भरीव ॲल्युमिनियमचे नॉब हातात वजनदार, छान. पण मधे खटका असलेल्या पॉटवर वजनदार नॉब लावला की तो खटका बोटाला मवाळ लागतो. त्या ठिकाणी पोकळ नॉब लावले, आत प्लास्टिकची नळी. बाहेरून फरक दिसत नाही. दांड्यांचं मोजमाप आधी तपासा: ६ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर या दोन जाती बाजारात बेमालूम मिसळलेल्या असतात, आणि ६.३५ चा नॉब ६ च्या दांड्यावर बसतो, फक्त डुगडुगतो.

नॉबवरची रेघ लेझरने नाही, कोरून पांढरा रंग भरून. इथे खुणा मोजक्या, खर्च परवडतो, आणि अंधारात बोटाला दिशा कळते.

७ एप्रिल : पाय आणि इतर

पीव्हीसीचे पाय नको, ज्या टेबलावर वाद्य राहील त्याच्या पॉलिशवर डाग पडतील. सिलिकॉनचे पाय घेतले. सिलिकॉनला बहुतेक डिंक धरत नाहीत, म्हणून चिकटवायचे नाहीत, मधे स्क्रू असलेलेच घ्यायचे.

फेडरच्या (सरकवायच्या नियंत्रकाच्या) खाचांच्या कडा आतून कोऱ्या राहिल्या होत्या, वरून दिव्यात चमकत होत्या. ॲनोडायझिंगनंतर खाच थोडी रुंद केली होती, त्यामुळे. आता खाचा आधीच पूर्ण मापाच्या कापायच्या आणि थराची वाढ धरून ०.०५ मिलिमीटरने मोठ्या ठेवायच्या.

१८ एप्रिल : जोडणी

सगळे भाग एकाच खेपेतले, काळा रंग जुळला. हम नाही. खिडकीत ठेवलेल्या अक्रोडाच्या तुकड्यावरचा कागद काढला: झाकलेली आणि उघडी बाजू ओळखू येते, पण वाईट दिसत नाही.

बाहेरच्या साजाचा खर्च वाटून पाहिला तर पॅनेल आणि त्याचं ॲनोडायझिंग मिळून निम्म्याच्या आसपास, नॉब पावभर, लाकूड आणि तेल उरलेल्यातलं बरंचसं, आणि अर्थिंगचं साहित्य नगण्य. वेळेचं गणित उलटं, सगळ्यांत जास्त वेळ त्या नगण्य अर्थिंगने आणि रेघांच्या दिशेने खाल्ला. पुन्हा कराल तर सर्वांत आधी पूर्ण फिनिश केलेला, अर्थिंगसकट जोडलेला हातभर लांबीचा एक कोपरा करा: पत्रा, लाकूड, दोन नॉब, एक फेडर. आमच्या बहुतेक भानगडी त्या कोपऱ्यातच सापडल्या असत्या.

एक काम राहिलंय. नव्या, उन्हात टिकणाऱ्या काळ्यावर लेझरचं अक्षर जुन्यापेक्षा जरा पिवळट येतंय. लेझरचा वेग वाढवून आणि शक्ती कमी करून नमुने काढायला दिलेत, सगळे एकाच पट्टीवर, पट्टीवर रेघांचा बाण काढून.